कोपरापासून करंगळीपर्यंत

मोहाडीतल्या आमच्या घराला मधली भिंत एकच होती. अलीकडे चूल, पाण्याचे हंडे आणि आम्ही दोघी बहिणी. पलीकडे बाबांचा हातमाग. सकाळचा चहा झाला की बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, आणि मग जेवणापर्यंत खटक-धप्, खटक-धप् चालायचं. मी त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची. तो ठोका कानाला यायचा तेवढाच पाठीलाही कळायचा. बाबा थकले की ठोका मऊ पडायचा, रागात असले की भिंतीतून थेट मणक्यात उतरायचा. मधेच सगळं शांत झालं की समजायचं, धागा तुटला. मग आई हातातलं काम टाकून पलीकडे जायची. तुटलेला धागा शोधण्यात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नव्हतं. ती बाबांशी बोलत, खिडकीबाहेर बघत, ताण्यावरून नुसती बोटं फिरवायची आणि नेमकी त्या जागी थांबायची. दोन टोकं अंगठ्यानं बोटावर अशी वळायची, की जोड कुठे आहे ते तिलाही पुन्हा सापडू नये. मला वाटायचं, आईच्या बोटांना डोळे आहेत.

माझं काम कांड्या भरायचं, म्हणजे बाण्याचा धागा बारीक नळ्यांवर गुंडाळायचं. उजव्या हातानं चरखा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या करंगळीतून नि तिच्या शेजारच्या बोटातून धागा सोडत राहायचं. ढिला सुटला तर कांडी भुसभुशीत होते आणि मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात अडकते, ताणला तर तुटतो. किती ढिला, किती ताठ, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बोटांना येत होतं. शाळेतून आले की भात आणि लाखोळीचं वरण, वर कच्चा कांदा, असं पोटभर खायचं आणि दिवेलागणीपर्यंत चरखा. ताई, म्हणजे वनिता, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती धाग्याला खळ द्यायची आणि भाताच्या पेजेचा तो आंबूस वास तिच्या केसांना कायम असायचा. तिच्या लग्नाचं बघणं सुरू होतं. मी नववीत होते.

डाग पहिल्यांदा आईला दिसला. ती माझी वेणी घालत होती. डाव्या कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, चिंचोक्याएवढी फिकट जागा. "शिबं असन," ती म्हणाली आणि लिंबू चोळलं. दोन महिन्यांनी तो डाग माझ्या तळहाताएवढा झाला होता. कडेला किंचित तांबूस, मधे कोरडा. उन्हाळ्यात सगळ्या अंगाला घाम सुटला की तेवढा तुकडा धुळीच्या रस्त्यासारखा सुका राहायचा. त्यावरची लव गेली होती. लिंबाचा रस पूर्वी जरा झोंबायचा, आता झोंबत नव्हता. हे मी आईला सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. एका दिवशी मात्र तिनं माझ्यासाठी कोपराखालपर्यंत बाह्या असलेली दोन पोलकी शिवायला टाकली आणि म्हणाली, "आता मोठी झाली तू, असेच घालत जाय."

आम्हां दोघींना तो डाग कशाचा असू शकतो हे माहीत होतं. गावाबाहेरच्या बोडीच्या पारीवर, म्हणजे लहान तळ्याच्या बांधावर, सखूबाईची झोपडी होती. ही सखूबाई एके काळी आमच्याच आळीत राहायची, आमच्याच जातीची, आईच्या बरोबरीची. दोघी एका चरख्याभोवती बसून कांड्या भरत, असं ताई सांगायची. पुढे तिची बोटं वाकडी झाली, पायाला जखमा झाल्या आणि नवऱ्याच्या घरच्यांनी तिला बोडीवर झोपडी बांधून दिली. बांधून दिली, असं लोक कौतुकानं सांगत. घरचं कुणी तरी रोज भात नेऊन दगडावर ठेवी आणि वळून न बघता परत येई. आई त्या बाजूला कधी जात नसे. सखूबाईचं नाव निघालं की ती उठून काहीतरी आवरायला लागायची.

मग शाळेत तपासणीला माणूस आला. मेश्राम साहेब म्हणत त्यांना. करडी गावचे राहणारे, सरकारी कुष्ठतंत्रज्ञ, सायकलला नायलॉनची पिशवी लावून गावोगाव फिरायचे. मुलींना एकेक करून बाईंच्या खोलीत बोलवत. बाई बाजूला बसलेल्या असत. माझा नंबर आला. त्यांनी बाही वर करायला सांगितली आणि डाग पाहिला. पिशवीतून कापूस काढला, त्याची बारीक वात वळली.

"हे पाह्य," ते म्हणाले, आणि वात माझ्या उजव्या हाताला लावली. "लागली? जिथं लागली तिथं बोट ठेव. शाबास. आता डोळे मिट आणि तसंच कर. भेवाचं काही नाही."

मी डोळे मिटले. पूर्ण मिटले नाहीत. पापण्यांच्या फटीतून पांढरी वात दिसत होती. ती उजव्या हाताला टेकली, मी बोट ठेवलं. डाव्या दंडाला टेकली, ठेवलं. मग ती डागावर आली. मला ती दिसली. तिथे काहीच लागलं नाही. काहीच म्हणजे, वारा लागतो तेवढंही नाही. मी बोट उचललं आणि जिथे वात दिसली होती नेमकं तिथे ठेवलं.

"लागली?"

"हो जी."

त्यांनी पुन्हा एकदा केलं, पुन्हा मी बोट ठेवलं. करंगळीवर वात टेकवली तेव्हा त्यांचा हात मधे आला, मला दिसलं नाही, आणि मी गप्प राहिले. मग अंदाजानं बोट ठेवलं, ते चुकीच्या जागी. ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर अजून पन्नास मुली ओळीत उभ्या होत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मी घरी येईन एकदा."

पुढे आयुष्यभर मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्वचेचा धडा आला की फळ्यावर कातडीचा उभा छेद काढायचे. वरच्या थरात हलका स्पर्श टिपणाऱ्या बारीक गाठी, खोलवर दाब आणि थरथर ओळखणाऱ्या, कातडी ताणली की जाग्या होणाऱ्या वेगळ्या, आणि ऊन-थंड आणि वेदना यांच्यासाठी उघडी पडलेली मज्जातंतूंची टोकं. प्रत्येकाचं काम निराळं. सगळ्यांचे निरोप मात्र त्याच तंतूंच्या जुडग्यातून हातावरून वर जातात, करंगळीच्या बाजूचे कोपराच्या मागच्या खाचेतून दंडात, तिथून मणक्यात आणि मेंदूत. मुलींना मी त्या खाचेत बोट दाबायला सांगायचे. करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या की त्या किंचाळून हसायच्या. मी हसायचे नाही. माझ्या डाव्या कोपरातली ती नस त्या वर्षी आतून सुजत होती. कुष्ठाचा जंतू थंड जागा शोधतो, आणि तिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते. ऊन-थंड आधी गेलं, मग हलका स्पर्श. खोल दाब अजून कळत होता, आणि म्हणूनच मी स्वतःला सांगू शकत होते की कळतं, लागतं, सगळं ठीक आहे.

मेश्राम साहेब खरोखरच घरी आले. मी पलीकडे मागाच्या आडोशाला लपले. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं. ते पाणी एका वेगळ्या जर्मनच्या पेल्यात दिलं, जो एरवी कोनाड्यात पालथा असायचा. त्या वेगळ्या पेल्याला दोन कारणं होती. साहेब महारोग्यांना हात लावतात, हे एक, ते आई बोलून दाखवायची. करडीतल्या ज्या मोहल्ल्यातून ते येत ते दुसरं कारण होतं, ते ती बोलायची नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण आमचं घर तसं होतं आणि ते झाकून ठेवण्यात आता काही अर्थ नाही.

"पोरगी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"मामाकडे गेली जी."

"शाळा सुरू हाय ना?"

"मामी बिमार हाय."

त्यांनी पेला खाली ठेवला. "बाई, लवकर कळलं तर गोळ्यानं पुरा बरा होते. उशीर झाला तर नस मरते. मग मी काही करू शकणार नाही, कोणीच काही करू शकणार नाही. तिले घेऊन या."

"हो जी," आई म्हणाली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हाही मी मामाकडेच होते. त्या दिवशी मला कळलं की आईला सगळं ठाऊक आहे. आणि आईला कळलं असावं की मला ठाऊक आहे, कारण त्यानंतर आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघणं सोडलं. ती खालमानेनं भात वाढायची, मी खालमानेनं खायची. ताईला पाहायला तुमसरकडचे पाहुणे यायचे ठरत होते. घरात बोलायचं ते तेवढंच.

त्या दिवसांतली भीती कशी होती ते सांगणं कठीण आहे. ती सतत काहीतरी करायला लावायची. मी शाळेच्या वाटेवर डाव्या हातावर नखं ओढत जायची. चुलीजवळ बसले की करंगळी पितळेच्या गरम भांड्याला लावून बघायची, आणि शेजारचं बोट, आणि मधलं. मधल्याला चटका बसला की इतकं बरं वाटायचं की डोळ्यांत पाणी यायचं. चरख्यावर कांड्या बिघडायला लागल्या होत्या. धागा कधी सुटला ते कळायचं नाही. समोर बघितलं की ढिल्या धाग्याचा गुंता जमिनीवर पडलेला असायचा. बाबांनी एकदोनदा हाक मारली, "मंदे, ध्यान कुठी हाय?" मग मी बोटांकडे बघून कांड्या भरायला लागले. नजर हलवायची सोय नव्हती. करंगळी हळूहळू आत वळत होती आणि मी तिला दुसऱ्या हातानं सरळ करून ठेवायची, कुणाचं लक्ष जायच्या आत.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी बोडीकडे गेले. का गेले, मला आजही नीट सांगता येत नाही. पुढे आपल्याला काय होणार आहे ते एकदा बघून घ्यावं, असं काहीतरी असावं. सखूबाई झोपडीसमोर चूल पेटवून बसली होती. मी पळसाच्या झाडामागे उभी राहिले. तिनं चुलीतून पेटतं लाकूड काढलं आणि पुन्हा आत सारलं. निखाऱ्याच्या अगदी जवळ धरलं होतं ते, आणि तिचा चेहरा तसाच. बोटं फार आखूड होती. मी हलले असेन, वाळली पानं वाजली.

"कोण हाय व?"

मी पळाले नाही. झाडामागून बाहेर आले.

"कोष्ट्याची पोर दिसते," ती डोळे बारीक करून म्हणाली. "जवळ नोको येऊ. तुही माय बोंबलन." मग तिची नजर माझ्या हातावर गेली. मी नकळत डावं कोपर उजव्या हातानं झाकून धरलं होतं. तिनं हातातलं लाकूड सोडलं. खूप हळू आवाजात तिनं विचारलं, "कुठी हाय?"

एवढंच. तिनं दुसरं काही विचारलं नाही, तिला विचारायची गरज नव्हती. मी धावत सुटले ती धानाच्या बांधांवरून पडत, उठत थेट घरी. दोन दिवस ताप आला. तापात मला सारखं दिसायचं की बोडीच्या पारीवर एका झोपडीशेजारी दुसरी बांधून ठेवली आहे आणि आई लांबूनच दगडावर भात ठेवून, वळून न बघता निघाली आहे.

पाहुणे रविवारी आले. मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची आत्या. आईनं लांब पोळ्यांचा बेत केला होता. त्यांची कणीक सैल, जवळजवळ ओघळणारी असते. गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि झेलत, फिरवत मनगटापासून कोपरापर्यंत लांबवत न्यायचा, आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद पसरून टाकायचा. आईच्या हातावर ती पोळी ओढणीसारखी व्हायची, पलीकडचा जाळ तिच्यातून दिसायचा. आई पोळ्या टाकत होती, मी भाजलेल्या उचलून घडी घालत होते आणि मधेच जाळ सारत होते. ताई नवं लुगडं नेसून दाराशी बसली होती. आत्याबाई पाणी प्यायला म्हणून उठून आत आल्या. त्या मोठ्या बोलक्या होत्या.

"वा व बाई, काय पोळ्या करून राहिल्या," त्या म्हणाल्या, आणि लगेच हवेत हुंगलं. "काही जळून राहिलं काय?"

आईनं पोळीकडे पाहिलं. पोळी पांढरीशुभ्र होती. मी उजव्या हातानं लाकूड सारत होते आणि मडक्याकडे झुकले होते. बाही कणकेनं भरू नये म्हणून वर सारलेली होती. ताई ओरडली, "मंदे! हात!" मी आपल्या हाताकडे बघितलं. डावा हात कोपराखाली तापल्या मडक्याला टेकलेला होता. ताईनं झेप घेऊन तो ओढला. कातडी मडक्याला चिकटून राहिली.

कुणालाही विस्तव लागला की हात आधी मागे येतो, कळ मागून येते. त्याला मेंदूचीही परवानगी लागत नाही, मणक्यातूनच हुकूम सुटतो. माझ्या हाताला हुकूम आलाच नाही, कारण कातडीतून निरोपच निघाला नव्हता. तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की आता मला ओरडायला हवं. दुखल्यासारखं ओरडायला हवं, रडायला हवं. सगळे माझ्या ओरडण्याची वाट बघत होते. आणि भीतीनं माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही.

आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. "पोरीले समजलं नाही?" त्या म्हणाल्या. "एवढं जळलं, आन् समजलं नाही?"

आईच्या हातांवर अर्धी लांबवलेली पोळी होती. ती तशीच धरून ती उभी राहिली, आणि पोळी हळूहळू तिच्या हातांवरून गळून राखेत पडली. पलीकडून पाहुण्यांशी बोलणाऱ्या बाबांचा आवाज थांबला.

पाहुणे जेवून गेले. जेवले, एवढं खरं. ते गेल्यावर ताईनं ते नवं लुगडं फेडलं आणि रोजचं नेसून माझ्यासमोर बसली. तिनं माझी बाही वर केली, जळलेल्या भागाच्या कडेचा डाग पाहिला आणि आईकडे वळली.

"तुले माहीत होतं."

आई चुलीतली राख ओढायला लागली.

"आई, तुले माहीत होतं काय?"

"तुहं लगन होऊ दे म्हटलं," आई म्हणाली. "तुहं एकदा झालं असतं, मग हिले नेलं असतं. मी काय करू? कोणाले सांगू? सखू माह्या जोडीनं बसे, त्या सखूचं काय केलं लोकायनं, मी पाह्यलं ना."

"माह्या लग्नापायी हिचा हात जाऊ देशील?"

बाबा दारात उभे होते. ते कमी बोलणारे. ते म्हणाले, "सकाळीच ने तिले. मीबी येतो." आणि आत जाऊन मागावर बसले, पण ठोका ऐकू आला नाही.

सरकारी दवाखान्यात मेश्राम साहेबांनी आधी भाजलेलं बघितलं, मग मला खुर्चीवर बसवलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "त्या दिवशी तुह्या पापण्या हालत होत्या. मले समजलं होतं. दोनदा आलो मी." आईनं मान खाली घातली. त्यांनी कापसाची वात वळली. "आता डोळे घट्ट मिटजो, बेटा. लागलं तर सांग. नाही लागलं तर काही सांगू नोको. चूप राय."

मी डोळे मिटले. घट्ट मिटले. अंधारात उजव्या हाताला काहीतरी फुंकर घातल्यासारखं लागलं, मी बोट ठेवलं. डाव्या दंडाला लागलं. मग काही नाही. मी वाट बघितली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, बाहेर कुणाची तरी सायकल. ताईचा श्वास जवळच ऐकू येत होता. ते आता मला कुठे शिवत आहेत, किती वेळा शिवत आहेत, काही कळत नव्हतं. तेवढ्या वेळात मला समजलं की हाताचा किती भाग माझ्यापासून निघून गेला आहे. मग पुन्हा मधल्या बोटाला लागलं. मी डोळे उघडले तेव्हा त्यांनी पेनानं कोपराखालून तळव्याच्या कडेनं करंगळी आणि शेजारच्या बोटापर्यंत एक निळी रेघ ओढली होती. रेघेच्या आतलं सगळं मुकं. मग त्यांनी माझ्या कोपराच्या मागे बोटं घातली. उघड्या हातानं, हातमोजा वगैरे काही नाही. "नस दोरीसारखी जाड झाली," ते बाबांना म्हणाले. "हाय, वेळ हाय अजून. थोडा हाय."

गोळ्यांचं पाकीट महिन्याचं असायचं. पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा. नसेच्या सुजेसाठी वेगळ्या गोळ्या भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दिल्या. पहिल्याच संध्याकाळी माझी लघवी लाल झाली. साहेबांनी ते आईला समजावून सांगितलं होतं, पण भीतीत तिच्या कानांवरून गेलं असावं. मी मोरीत उभी राहून ते लाल पाणी वाहताना बघत होते आणि मला वाटलं, आता आतलंही गळायला लागलं. मी ताईला हाक मारली. ती धावत दवाखान्यात जाऊन आली आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "गोळीचा रंग हाय तो, मंदे. गोळीचा."

साहेबांनी सांगितलं होतं की औषध सुरू झालं, आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, बरोबर जेवा, बरोबर झोपा. आईनं तरी माझं ताट वेगळं केलं. माझी सतरंजी दाराजवळ गेली. ती माझ्याशी गोड बोलायची, जास्तच गोड, पण माझ्या हातात काही देताना ते खाली ठेवायची. वेणी घालणं बंद झालं. एका दुपारी जेवताना ताई काही न बोलता उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या ताटातला भात कालवून खाऊ लागली. "वनिते!" आई म्हणाली. "काहून?" ताई तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "मलेबी होऊ दे, तवा दोघी जाऊ बोडीवर." आई उठून परसात गेली. ती किती तरी वेळ आली नाही.

तुमसरकडच्यांचा निरोप पंधरा दिवसांनी आला. मुलाला एवढ्यात करायचं नाही. त्या दिवशी आत्याबाई घरी जाऊन काय बोलल्या असतील ते आम्हाला कधीच कळलं नाही. ताईचं लग्न दोन वर्षांनी दिघोरीला झालं. होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः आधी सगळं सांगितलं होतं. मागे एकदा मी तिला विचारलं, तुला कधी माझा राग आला का गं? ती म्हणाली, "आला ना. पंधरा दिवस आला." ताई अशीच आहे, खोटं बोलत नाही.

महिने जात होते. मी रोज हात पाण्यात भिजवून तेल लावायची, करंगळी सरळ करून पट्टीला बांधायची. त्या दुसऱ्या गोळ्यांनी माझा चेहरा फुगला, भूक वाढली, आणि आळीतल्या बायका आईला म्हणायच्या, पोरीची तब्येत मस्त झाली. मेश्राम साहेब महिन्यातून एकदा निळी रेघ ओढायचे. ती कधी तसूभर आत यायची, कधी तिथेच असायची. करंगळी गेली ती गेली, असं ते हळूच म्हणाले. शेजारच्या बोटाबद्दल ते काही म्हणेनात.

उडीद वाळत घातले होते त्या दिवशीची गोष्ट. चौथं पाकीट चालू असावं. मी अंगणात उकिडवी बसून डाव्या हातानं उडीद पसरत होते, आणि एकदम हातातून काहीतरी सळकन गेलं. मी किंचाळले आणि हात झटकला. आई आतून धावत आली. "काय झालं? कुठी लागलं? पुन्हा जळलं काय?"

"मुंगी," मी म्हणाले. "आई, मुंगी चावली."

ती लाल मुंगी करंगळीशेजारच्या बोटाला अजून चिकटून होती. आईनं बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"या बोटाले?"

"हो."

"चावली, तर समजलं तुले?"

"समजलं. आग होऊन राहिली."

आई माझ्यासमोर उडदावरच बसली. दाणे तिच्या गुडघ्यांखाली सरकले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. मुंगी चिमटीनं काढून बाजूला सोडली, मारली नाही. मग ते बोट आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरलं, धागा वळताना धरायची तसं, आणि दाबलं.

"आता?"

"समजते."

तिनं नख लावलं. "आता?"

"दुखते."

"अजून?"

"दुखते, आई. सोड ना."

तिनं सोडलं नाही.